शेतातला साप, पेटीतला साप

खारबाव आणि आसपासच्या पाड्यांतल्या बचत गटांच्या वतीने आम्ही बोलतोय. मागच्या भागात आपण शेळ्यांच्या लसीकरणाबद्दल बोललो होतो. आजचा विषय ऐकून काहीजणी रेडिओ बंद करायला उठतील, पण जरा थांबा. आज बोलायचंय ते हौसेने साप आणि सरडे पाळणाऱ्या माणसांबद्दल.

‘हा काय विषय झाला?’ असं वाटणं साहजिक आहे. आपल्याला साप नवा नाही. आवण काढताना, बांधावरचं गवत कापताना, पेंढ्याची उडवी मोडताना, चुलीमागच्या लाकडांत, आणि आता गोदामांच्या भिंतींच्या कडेला, सगळ्याजणींनी तो पाहिलेला आहे. आपण ज्याला घरातून बाहेर घालवतो त्याला कुणी पैसे देऊन घरात का आणेल?

पण आणतात. मुंबई, ठाणे, पुणे, बंगळुरू अशा शहरांत काही घरांमध्ये काचेच्या पेटीत साप असतो. आपल्या मुलांच्या मोबाइलवर त्यांचे व्हिडिओ येतात. केशरी-लाल रंगाचा, हातभर लांबीचा साप एखाद्या मुलीच्या मनगटाला बांगडीसारखा वेढा घालून शांत बसलेला असतो, आणि आपला सातवीतला मुलगा विचारतो, ‘आई, आपण पण पाळूया?’ गटाच्या बैठकांत हा विषय तीन-चार वेळा निघाला. कुणाच्या पुतण्याने शेतातलं पिल्लू बरणीत ठेवलं होतं, कुणाच्या भाच्याने शहरातून बोटभर कासव आणलं होतं. म्हणून ठरवलं, की ओरडायच्या आधी हे प्रकरण नीट समजून घेऊ.

मक्याच्या कोठारातला साप

व्हिडिओत सगळ्यात जास्त दिसतो तो कॉर्न स्नेक. कॉर्न म्हणजे मका. हा साप अमेरिकेच्या आग्नेय भागातला. नावाबद्दल दोन गोष्टी सांगतात. एक म्हणजे तो मक्याच्या कोठारात उंदरांच्या मागे यायचा. दुसरी म्हणजे त्याच्या पोटावरची काळी-पांढरी नक्षी रंगीत मक्याच्या कणसासारखी दिसते. थोडक्यात, आपल्याकडे धामण जे काम करते तेच तो तिकडे करतो.

तो बिनविषारी आहे. उंदराला वेटोळ्यात आवळून मारतो आणि गिळतो. पूर्ण वाढ झाली की साधारण ३ ते ५ फूट होतो. अंड्यातून निघालेलं पिल्लू वीतभरापेक्षा थोडं मोठं असतं. माणसाच्या हाताची सवय त्याला लवकर होते, खाण्याची फार नाटकं नसतात, आणि चावला तरी ओरखडा उठण्यापलीकडे सहसा काही होत नाही. म्हणून जगभर पहिला साप पाळणारा माणूस बहुतेक वेळा कॉर्न स्नेकपासून सुरुवात करतो. त्याच्या जोडीला पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथन, ऑस्ट्रेलियातला दाढीवाला सरडा आणि ठिपक्यांची लेपर्ड गेको नावाची पाल, हे या हौसेतले नेहमीचे प्राणी.

आता व्हिडिओत पांढरे, गुलाबी, पिवळे, राखाडी असे तऱ्हेतऱ्हेचे कॉर्न स्नेक दिसतात. हे रंग लावलेले नसतात. जंगलात एखाद्या सापाच्या अंगात काळा रंग तयारच होत नाही आणि तो केशरी-पांढरा दिसतो. अमेरिकेतले त्वचारोगाचे एक डॉक्टर, बर्नार्ड बेक्टेल, यांनी १९५० आणि १९६०च्या दशकांत अशा सापांची पैदास करून दाखवलं की हा गुण आई आणि बाप दोघांकडून आला तरच पिल्लात दिसतो. आपण जसं भाताच्या लोंब्यांतून निवडून बियाणं राखतो, तशी या लोकांनी रंगांची निवड करत नेली. त्यामुळे आजचे बरेचसे पाळीव कॉर्न स्नेक पिढ्यान्‌पिढ्या पेटीतच जन्मलेले आहेत. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हौस लागते कशी

कुणी एका दिवसात उठून साप घरी आणत नाही. या माणसांच्या हकिकती ऐकल्या की चार-पाच वाटा पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिली वाट लहानपणाची. काही मुलं जन्मतःच किड्या-मकोड्यांमागे धावतात. बेडूक पकडतील, सरड्याच्या मागे कुंपणापर्यंत जातील. रोम्युलस व्हिटेकर यांचं नाव काहीजणींनी ऐकलं असेल. ते अमेरिकेत जन्मले, १९५१ मध्ये लहान असतानाच आईबरोबर भारतात आले आणि इथलेच झाले. लहानपणी ते साप घरी घेऊन आले तेव्हा आईने घाबरून मारझोड केली नाही, उलट सापांवरचं पुस्तक आणून दिलं. पुढे त्यांनी मद्रासचं सर्पोद्यान उभं केलं आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

दुसरी वाट भीतीची. विचित्र वाटेल, पण सापाला फार घाबरणारी माणसंही या हौसेत येतात. मित्राच्या घरी धीर करून पहिल्यांदा बोट लावतात. हाताला थंड, कोरडं, मऊ लागतं. बुळबुळीत अजिबात नसतं. इतकी वर्षं मनात धरलेली गोष्ट खोटी निघाली की कुतूहल वाढतं.

तिसरी वाट शहरातल्या जागेची. एका खोलीच्या घरात कुत्रा पाळता येत नाही. केस गळतात, भुंकतो, दोनदा फिरवावं लागतं. साप आवाज करत नाही, आठवड्याने किंवा दहा दिवसांनी एकदा खातो, पेटीएवढ्या जागेत राहतो. दिवसभर नोकरीवर असणाऱ्याला हे सोयीचं वाटतं.

चौथी वाट पायरीपायरीची. आधी माशांची टाकी, मग कासव, मग पाल, मग साप. आणि पाचवी वाट अर्थातच मोबाइलची. ही सगळ्यात घाईची वाट आहे. तिथे साप खेळताना दिसतो, त्याची पेटी साफ करताना कुणी दाखवत नाही.

आपल्या महाराष्ट्रात आणखी एक वाट आहे, ती सर्पमित्राची. पुण्याचे नीलिमकुमार खैरे माथेरानच्या हॉटेलात काम करत असताना, निघाला साप की मार, हे रोजचं बघून साप पकडून जंगलात सोडायला लागले. पुढे त्यांनी आपलं आयुष्यच या कामाला दिलं आणि १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान सुरू झालं. सर्पमित्र आणि साप पाळणारा यांत मात्र मोठा फरक आहे. सर्पमित्र साप सोडण्यासाठी धरतो, ठेवण्यासाठी नाही.

हौस टिकते वहीवर

हौसेला मोल नाही, असं आपण म्हणतो. या हौसेला मोल आहे, आणि ते रोजच्या कामाचं आहे.

जो खरा पाळणारा असतो तो साप आणायच्या आधी काही महिने वाचतो, अनुभवी माणसांकडे जाऊन बघतो, पेटी तयार करतो. साप स्वतःच्या अंगाची ऊब तयार करू शकत नाही. म्हणून पेटीची एक बाजू गरम, साधारण ३० अंशांच्या आसपास, आणि दुसरी थंड ठेवतात. साप आपल्या गरजेप्रमाणे इकडून तिकडे सरकतो. लपायला जागा, पाण्याचं भांडं, आणि घट्ट बसणारं झाकण लागतं. कॉर्न स्नेक पळून जाण्यात पटाईत. बोटभर फट पुरते.

खाणं म्हणजे उंदीर. दूध नाही, बरं का. साप दूध पीत नाही, हे आपण नागपंचमीच्या भागात बोललो होतो. जाणकार पाळणारे जिवंत उंदीर देत नाहीत, कारण घाबरलेला उंदीर सापालाच चावतो. ते मारून गोठवलेले उंदीर ठेवतात आणि कोमट पाण्यात नरम करून देतात. आता विचार करा, हा उंदीर फ्रीजमध्ये ठेवायचा, आणि त्या फ्रीजची मालकीण कोण?

प्रत्येक सापाची वही असते. कधी खाल्लं, कधी नाकारलं, वजन किती, कात कधी टाकली. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ होतात, तेव्हा साप खात नाही आणि चिडका होतो. ते माहीत नसलेला माणूस घाबरतो किंवा जबरदस्तीने हाताळतो. आपल्या गटाची वही जशी दर महिन्याला भरली नाही तर गट मोडायला लागतो, तसंच हे. वही बंद झाली की समजावं, हौस संपली आणि पेटीतल्या जिवाचे हाल सुरू झाले.

आणि हे किती वर्षं? कॉर्न स्नेक नीट सांभाळला तर १५ ते २० वर्षं जगतो. बारा वर्षांच्या मुलाने आणलेला साप तो बत्तीस वर्षांचा होईपर्यंत जिवंत असू शकतो. मधे त्याचं कॉलेज, नोकरी, लग्न. साप कुत्र्यासारखा लळा लावत नाही. त्याला आपल्या वासाची सवय होते, एवढंच. त्या बदल्यात काहीही न मागता वीस वर्षं पाहत राहणं ज्याला आवडतं, तोच यात टिकतो.

गटापुढे आलेलं कर्ज

आमच्या एका गटात अंतर्गत कर्जाची मागणी आली. कारण विचारलं तर ताई खाली मान घालून म्हणाल्या, ‘पोराला साप घ्यायचाय. रंगीत.’ मुलगा गोदामात कामाला, एकोणीस वर्षांचा, कुठलंही व्यसन नाही. कुणी हसलं, कुणी देवाचं नाव घेतलं. मग एका मावशींनी विचारलं, ‘शेळीला कर्ज देतो, मग सापाला का नाही?’ प्रश्न बरोबर होता, म्हणून आम्ही मुलालाच बैठकीत बोलावलं.

त्याला पाच गोष्टी विचारल्या. साप कुठून घेणार, आणि विकणारा पावती देणार का? घर पत्र्याचं आहे, मे महिन्यात पत्र्याखाली काचेची पेटी भट्टीसारखी तापते, तेव्हा काय करणार? उंदीर कुठे ठेवणार? आजारी पडला तर कोणत्या डॉक्टरकडे नेणार, कारण आपल्याकडचे जनावरांचे डॉक्टर गाई-म्हशी, शेळ्या बघतात. साप बघणारा डॉक्टर मुंबई-ठाण्यातच शोधावा लागतो? आणि तू रात्रपाळीला असशील तेव्हा पेटीकडे कोण बघणार?

पहिल्या प्रश्नावर तो म्हणाला, ‘एक जण आणून देतो, पावती नसते.’ पाचव्यावर त्याने आईकडे पाहिलं. आईने तिथेच सांगितलं, ‘मी नाही बघणार.’ कर्ज नाकारावं लागलं नाही, ताईंनीच अर्ज मागे घेतला. मुलगा थोडा खट्टू झाला, पण त्याला कुणी वेडं ठरवलं नाही. आज तो काय करतो ते पुढे सांगतो.

कायदा काय म्हणतो

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत करू नका.

पहिली, आपल्याकडचे प्राणी. नाग, घोणस, धामण, अजगर, मांडूळ, घोरपड, चांदणी कासव, आपल्या तळ्यातली कासवं, इतकंच काय पिंजऱ्यातला आपला हिरवा पोपटसुद्धा, यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. यांना पकडून घरी ठेवणं, विकणं, विकत घेणं गुन्हा आहे. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी शिक्षा कमीत कमी ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ७ वर्षं तुरुंगवास, शिवाय किमान २५,००० रुपये दंड. ‘आम्ही त्याला जीव लावला’ हे कारण कोर्टात चालत नाही.

दुसरी, परदेशी प्राणी. यांच्याबद्दल पूर्वी कायद्यात स्पष्टता नव्हती. जून २०२०मध्ये केंद्र सरकारने ज्यांच्याकडे असे प्राणी आहेत त्यांना ते स्वतःहून जाहीर करायची संधी दिली. मग २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. ज्या प्राण्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराने बंधन आहे त्यांची यादी चौथ्या अनुसूचीत आली. बॉल पायथन, हिरवा इग्वाना हे त्यात येतात. असा प्राणी ज्याच्याकडे आहे त्याने सरकारच्या परिवेश नावाच्या पोर्टलवर नोंद करायची. त्याचे नियम फेब्रुवारी २०२४मध्ये आले. नवा प्राणी आला की ३० दिवसांत नोंद, पिल्लं झाली, मेला किंवा दुसऱ्याला दिला तरी कळवायचं. आपल्या घरात जन्म-मृत्यूची नोंद असते तशीच.

कॉर्न स्नेक त्या आंतरराष्ट्रीय यादीत नाही, कारण मूळ ठिकाणी तो भरपूर आहे. पण यादीत नाही म्हणजे पिशवीत घालून आणायला मोकळीक आहे, असं नाही. डिसेंबर २०२३मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाला पकडलं. त्याच्या सामानातल्या बिस्किट आणि केकच्या पुड्यांत ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक निघाले. त्याआधी ऑक्टोबर २०२२मध्ये मुंबईच्याच विमानतळावर शोभेचे मासे म्हणून आलेल्या मालात ६६५ प्राणी सापडले: कासवं, साप, सरडे, इग्वाना. त्यातले ११७ मेलेले होते. मोबाइलवर दिसणारा तो सुंदर साप पेटीत जन्मलेला आहे की असा पुड्यात गुदमरून आलेला आहे, हे व्हिडिओ सांगत नाही. पावती आणि कागद सांगतात. प्राण्यांचं दुकान राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदलेलं असावं लागतं, तेही विचारायचा आपल्याला हक्क आहे.

आपल्या मुलांचा खरा धोका

आता मुद्द्याचं बोलू. शहरातल्या मुलाला साप हवा असेल तर तो विकत घेतो. आपल्या मुलाकडे पैसे नसतात, पण शेत असतं. तो बांधावर जातो आणि धरतो. व्हिडिओतल्या मुलीच्या हातात बिनविषारी साप होता, हे त्याला कळलेलं नसतं. त्याला एवढंच कळतं, की साप हातात धरला तर काही होत नाही.

आपल्याकडे चार साप जिवावर उठतात: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. आणि यांच्यासारखे दिसणारे बिनविषारी साप त्याच शेतात राहतात. कवड्या साप आणि मण्यार बघा. दोघांच्या अंगावर पांढरट पट्टे. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीचे शेपटीकडे ठळक असतात आणि डोक्याकडे फिके. रात्री, कंदिलाच्या उजेडात, हलत्या सापावर हे कोण बघणार? घोणशीचंही तसंच. डुरक्या घोणस बिनविषारी, अजगराचं पिल्लू बिनविषारी, आणि तिन्हींच्या अंगावर तपकिरी ठसे. हा फरक आम्ही सांगितला तो ओळखता यावा म्हणून नाही, ओळखणं किती अवघड आहे ते कळावं म्हणून. पिल्लू लहान म्हणून विष कमी, हा समजही सोडून द्या. नागाचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हाच विष घेऊन निघतं.

चावलाच तर काय करायचं ते पुन्हा सांगतो. माणसाला चालवू नका, हातपाय हलू देऊ नका. अंगठी, बांगड्या, पैंजण काढा. दोरीने आवळू नका, चिरा देऊ नका, तोंडाने ओढू नका. १०८ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी रुग्णालय गाठा. सापाचं औषध, म्हणजे प्रतिसर्पविष, तिथेच मिळतं. साप मारून बरोबर नेण्यात वेळ घालवू नका. मण्यार चावलेली कधी कधी दुखतही नाही, खूणही दिसत नाही. जमिनीवर झोपलेल्याला पहाटे पोटात कळ आली, पापण्या जड झाल्या, तर भगताकडे नाही, आधी दवाखान्यात.

घरात पाळलेल्या प्राण्यांबद्दलही एक सांगायचं आहे. कासव, साप, पाल यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. प्राणी ठणठणीत दिसतो, पण त्याला हात लावून तोच हात तोंडात घालणाऱ्या बाळाला जुलाब-ताप होतो. पाच वर्षांखालची मुलं असतील त्या घरात हे प्राणी नकोत. आणि पेटी, टाकी भांडी घासायच्या जागी धुवायची नाही.

ते बोटभर कासवही बघा. कानाजवळ लाल पट्टा असलेलं हे कासव अमेरिकेतलं. विकताना नाण्याएवढं असतं, पुढे ताटाएवढं होतं आणि अनेक वर्षं जगतं. कंटाळलेली माणसं ते तळ्यात, विहिरीत सोडतात. तिथे ते आपल्या कासवांचं खाणं आणि जागा बळकावतं. सोडून देणं म्हणजे पुण्य नाही. नको असेल तर वनविभागाला विचारा.

मांडुळाचा फास

सापाच्या हौसेच्या आडून आणखी एक धंदा चालतो. मांडूळ हा मातीत राहणारा, बोथट शेपटीचा, बिनविषारी, गरीब साप. शेपटी तोंडासारखी दिसते म्हणून त्याला दुतोंड्या म्हणतात. तो घरात ठेवला तर पैशांचा पाऊस पडतो, अमुक वजनाचा असेल तर लाखो रुपये मिळतात, असं सांगून फसवणारे लोक गावोगाव फिरतात. आपल्या ठाणे जिल्ह्यातही मांडूळ विकताना माणसं पकडली गेल्याच्या बातम्या येत राहतात. घेणारा बहुतेक वेळा पोलीस निघतो किंवा ठग. पैसे जातात, माणूस तुरुंगात जातो आणि साप मरतो. घरातल्या कुणी दागिने मोडून ‘एका सौद्यात’ पैसे टाकायचं म्हटलं, आणि सौदा कसला ते सांगेना, तर हेही विचारून बघा.

मग मुलाला काय सांगायचं

कुतूहल हा दोष नाही. मुलाला सापाबद्दल जाणून घ्यायचं आहे, तर उगीच साप साप म्हणून भुई धोपटू नका. त्याला धरायचं नाही, पण बघायचं आहे, असं काम द्या.

एक वही द्या. कुठला साप कुठे दिसला, किती वाजता, पाऊस होता का, काय करत होता, हे लिहायला सांगा. किमान चार हात लांबून. एका पावसाळ्यात त्याला कळेल की दिवड पाण्याजवळ असते, धामण दिवसा फिरते, मण्यार रात्रीची. साप पाळणारे जी वही ठेवतात तीच ही, फक्त पेटीशिवाय. शाळेची सहल कात्रजला नेता येते. तिथे काचेपलीकडून हवा तेवढा वेळ साप बघता येतो. अठरा वर्षं झाल्यावर खरंच यात पडायचं असेल तर वनविभागाच्या परवानगीने काम करणाऱ्या अनुभवी सर्पमित्राबरोबर शिकावं. कर्ज मागायला आलेल्या आमच्या ताईंचा मुलगा आता हेच करतो. घरात साप निघाला की आधी मागे उभं राहायचं, टॉर्च धरायची आणि बघ्यांना लांब ठेवायचं, हे काम त्याला पहिले कित्येक महिने मिळालं. हुकाला हात लावू दिला नव्हता.

आणि ज्याला पुढे नोकरी-घर झाल्यावर, कागदपत्रं करून, वीस वर्षांचं बघून, परदेशी साप पाळायचाच असेल, तो त्याने जरूर पाळावा. तो त्याचा निर्णय. त्याला वाईट म्हणायचं काही कारण नाही.

घरात साप निघाला तर लांबून नजर ठेवा, मुलांना आणि कोंबड्यांना बाजूला घ्या आणि वनविभागाच्या १९२६ या मोफत क्रमांकावर फोन करा. घराजवळ उंदीर कमी तर साप कमी. म्हणून भाताच्या कणगीखालची जागा मोकळी ठेवा, लाकडं भिंतीपासून सुटी रचा, रात्री जमिनीवर झोपावं लागलं तर मच्छरदाणी गादीखाली खोचा.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने एवढं करा. १०८ आणि १९२६ हे दोन क्रमांक ठराव वहीच्या पहिल्या पानावर लिहा. प्रत्येकीने घरी जाऊन मुलांना एकदा विचारा, कुणाच्या बरणीत, डब्यात, टाकीत काय आहे. ओरडणार नाही असं आधी सांगून विचारा, तरच खरं उत्तर मिळेल. आणि काही सापडलं तर उघड्या हाताने डबा उघडू नका, आम्हाला कळवा.

पुढच्या भागात पावसाळ्यातल्या भाजीच्या रोपांबद्दल बोलू.